काय होते त्याले!

परवा सकाळी सहाला भाच्याचा फोन आला. तो अमेरिकेत असतो, म्हणजे तिकडे संध्याकाळ. "मामा, नमस्कार," आणि लगेच दुसरं वाक्य, "आपल्याकडे स्टीलला भोक पाडायला काय वापरतात हो?"

आता तो हे काहून विचारत होता ते सांगतो. या गृहस्थांनी तिकडे घरी बिअर करायचा छंद लावून घेतला आहे. त्यांच्या देशात १९७८ साली कायदा बदलला आणि घरच्यापुरती बिअर करायला मोकळीक मिळाली. आपल्याकडे तसं नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी दारू गाळणं, करणं हा गुन्हा आहे. तेव्हा हे वाचून कुणी मोहफुलं भिजत घालू नयेत. असो. तर त्याच्याकडे चाळीसेक लिटरचं स्टीलचं पातेलं आहे. त्याच्या बुडाशी तोटी बसवायची म्हणजे भोक पाडणं आलं. त्यासाठी हत्यार कोणतं घ्यावं म्हणून तो पंधरा दिवस वाचत होता.

मी म्हटलं, "अरे, एका भोकासाठी पंधरा दिवस?"

तो म्हणाला, "मामा, माझ्या बिअरच्या भांड्यासाठी पंधरा दिवस. आणि आईच्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला पंधरा मिनिटांत खिळ्यानं भोक. हे बरोबर आहे का?"

मी गप्प बसलो. कारण ताईच्या पिंपाला भोक पाडणारा माणूस मीच पाठवला होता.

ताईचं पिंप

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. वय ७९. दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात एकटी राहते. अमरावतीला माझ्याकडे ये म्हटलं तर येत नाही, "माझं घर सोडून काहून येऊ?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना कदाचित ठाऊक नसेल म्हणून सांगतो, ती राहते तो खारपाणपट्टा आहे. तापीला मिळणाऱ्या पूर्णा नदीचं खोरं, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेलं. वरून पाहिलं तर काळीभोर कसदार जमीन. पण खाली विहीर खणा की बोअर मारा, पाणी खारट. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पिण्याचं गोडं पाणी धरणांवरून नळानं येतं. दर्यापूर-अंजनगावकडे शहानूरचं येतं, अकोट-तेल्हाऱ्याकडे वानचं. ते रोज येईलच असं नाही. आलं की भरून ठेवायचं आणि पुढचा नळ येईपर्यंत पुरवायचं. म्हणून आमच्याकडे पाणी साठवायचं भांडं ही घरातली पहिली वस्तू असते, टीव्ही नंतर.

ताईकडे पन्नास लिटरचं स्टीलचं पिंप आहे. आधी ती वरून झाकण काढून ओगराळ्यानं पाणी घ्यायची. मग तिचं मनगट दुखायला लागलं. आलागेला माणूस, शेजारची पोरं, कुणीही येऊन पेला बुचकळतं, हाही तिला त्रास. म्हणाली, "भाऊ, या पिंपाले तोटी बसवून दे." मागणी एवढीच. आयुष्यात तिनं माझ्याकडे फार काही मागितलेलं नाही.

मी गावातल्या एका मुलाला फोन केला. मुलगा कसला, चाळिशीचा आहे. नळाची, मोटारीची, विजेची सगळी कामं करतो. माझाच जुना विद्यार्थी. स्वभावानं चांगला, फोन केल्याकेल्या गेला. मी एवढंच म्हटलं होतं, "अरे, नीट कर, पिण्याच्या पाण्याचं आहे." तो म्हणाला, "काय होते त्याले, सर! दोन मिनटाचं काम."

पुढे काय झालं ते ताईनं सांगितलं. तोटी अर्ध्या इंची, म्हणून त्यानं खिळा ठोकून जागा केली आणि तेरा मिलीमीटरचं ड्रिल लावलं. भोक गोल न होता तिकोनी झालं, आणि पत्रा आत दबला. बरं, तोटी तर त्यातून जाईना. मग त्यानं छिन्नीनं भोक वाढवलं. तेही पुरेना, तेव्हा टाइल कापायला आणलेलं ग्राइंडर फिरवलं. ठिणग्या उडाल्या, कड निळी-काळी पडली. तोटी कशीबशी बसली, भोवती सील म्हणून चिकटवायची पुडी भरली आणि काम झालं.

चार दिवसांत थेंब थेंब गळायला लागलं. नळाचं पाणी दिवसाआड सुद्धा येत नाही अशा घरात ते थेंब मोजून पाहा. पिंपाखालची फरशी ओली राहू लागली आणि एका पहाटे ताईचा पाय घसरला. नशीब, हाड वाचलं. पिंप आतून घासताना कडेच्या धारेनं बोट कापलं ते वेगळंच. आणि पावसाळा संपेतो भोकाभोवती तांबूस गंज दिसायला लागला. "स्टीलले गंज येते का रे भाऊ?" असं तिनं मला विचारलं.

येतो, ताई. आपण आणला तर येतो.

'काय होते त्याले'

हा लेख त्या मुलाविरुद्ध नाही. तो या तीन शब्दांविरुद्ध आहे. वऱ्हाडात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला हे शब्द नवे नाहीत. छप्पर गळतं, काय होते त्याले. वायरला टेप नाही, काय होते त्याले. हल्ली याला एक देखणं नाव मिळालं आहे, जुगाड. परदेशातले लोक त्यावर पुस्तकं लिहितात आणि आपली छाती फुगते. मोबाइलवर रोज कुणीतरी व्हिडिओ पाठवतं, स्क्रू घासून केलेलं ड्रिल, वेल्डिंगच्या कांडीनं जाळून पाडलेलं भोक. खाली लिहिलेलं असतं, भारतीय डोकं!

मला याचा राग येतो. जुगाड ही अडचणीतली सोय आहे. रात्री दोन वाजता बैलगाडीचं चाक निघालं तर दोरीनं बांधावं, त्याला माझी ना नाही. पण सकाळी बाजार उघडल्यावरही दोरीच बांधून ठेवायची आणि वर मिशीला पीळ द्यायचा, हे कसलं डोकं?

माझा एक चुलतभाऊ अकोल्याला जिनिंग फॅक्टरीत फिटर होता. आम्ही त्याला दादा म्हणायचो. चौथी शिकलेला. त्याच्याकडे काही काम नेलं की तो आधी ती वस्तू हातात घ्यायचा, नखानं टिचकी मारायचा, विचारायचा, "हे काय हाये? यात काय भरनार? किती दिवस टिकवाचं?" तीन प्रश्न झाले की मग पेटी उघडायचा. आमच्यासारखे बीए झालेले लोक त्याला हसायचो, एवढं काय विचारायचं त्यात? आज कळतं, हत्यार हातात धरायच्या आधीच त्याचं अर्धं काम झालेलं असायचं. आपण पेटी आधी उघडतो आणि वर जे येईल ते उचलतो.

स्टील म्हणजे हट्टी पोरगं

भाच्याशी त्या दिवशी तासभर बोललो आणि नंतर अमरावतीतल्या दोन-तीन कारागिरांकडे जाऊन बसलो. मी मराठी शिकवणारा मास्तर, तेव्हा चूक असेल तर जाणकारांनी कान पकडावा. पण जे कळलं ते साध्या शब्दांत लिहितो.

आपल्या आज्यांच्या घरी तांब्या-पितळेची भांडी होती. ती धातू मऊ. तांबट त्यांना ठोकून आकार देत, भोक पाडत. खिळ्या-हातोडीची आपली सवय तिथली आहे. स्टेनलेस स्टील मागाहून आलं. १९१३ साली शेफिल्डला हॅरी ब्रिअर्ली नावाचा माणूस बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम घालून पाहत होता, त्यातून हे निघालं. आपल्या घरात ते जुन्या साड्यांच्या बदल्यात बोहारणीच्या टोपलीतून आलं. धातू बदलला, पण आपला हात जुनाच राहिला.

या धातूच्या दोन खोडी आहेत. पहिली, ते घासलं की कडक होतं. बोथट ड्रिल हलक्या हातानं नुसतं गरगर फिरवत राहिलात तर त्या जागेवर ते इतकं कठीण होतं की मग चांगलं ड्रिलही लागत नाही. दुसरी खोड, त्यातून उष्णता पटकन पसरत नाही, साध्या पोलादाच्या साधारण तिसरा हिस्साच पसरते. त्यामुळे सगळी आग ड्रिलच्या टोकाशी साठते आणि टोक जळून जातं.

वर्गात असं एखादं पोरगं असायचं. त्याला हलकं हलकं टोचत राहा, तो जास्तच अडून बसायचा. वेगानं अंगावर जा, तो तापायचा. त्याच्याशी हळू पण ठाम बोलावं लागायचं. स्टीलचं तसंच आहे. वेग कमी, दाब पक्का, धार ताजी आणि तेल भरपूर. हे चार शब्द लक्षात ठेवले तरी पुरे.

वेग किती कमी? शिक्षकाची खोड म्हणून गणित करून पाहिलं. भोकाचा व्यास २२ मिलीमीटर धरला तर परीघ सुमारे ६९ मिलीमीटर. घरचं ड्रिल मशीन पूर्ण वेगात मिनिटाला २,८०० फेरे मारतं असं धरू. म्हणजे हत्याराची धार मिनिटाला १९० मीटरपेक्षा जास्त धावते. आणि कारागीर सांगतात, स्टीलला दहा-पंधरा मीटर झेपतं! म्हणजे फेरे दोनशेच्या आसपासच हवेत. आपला मुलगा बटण तळापर्यंत दाबून धरतो आणि म्हणतो, ड्रिल डुप्लिकेट निघालं.

हत्यारं

साधं ड्रिल: लहान भोकाला ठीक. त्यातही कोबाल्ट मिसळलेलं घ्यावं, ते तापलं तरी धार धरून राहतं. पण पातळ पत्र्यात मोठं साधं ड्रिल घालू नये. टोक पत्र्याच्या पार जातं तेव्हा कडा अजून कापायच्याच असतात. मग ते पत्रा पकडतं, उचकतं आणि भोक तिकोनी करतं. ताईच्या पिंपाचं हेच झालं.

पायऱ्यांचं ड्रिल: शंकूसारखं असतं आणि त्याला एकावर एक पायऱ्या असतात. चार मिलीमीटरपासून सुरुवात करून पायरी पायरीनं भोक मोठं होतं आणि गोलच राहतं. पिंपाचा पत्रा मिलीमीटरपेक्षा पातळ असतो, त्याला हे फार योग्य. फक्त पायरीची उंची पत्र्याच्या जाडीपेक्षा जास्त हवी. हवं त्या मापावर थांबलं की पुढची पायरी कडेला किंचित टेकवायची, म्हणजे धार मोडते. काही शे रुपयांत मिळतं. पिंपाची किंमत त्याच्या कितीतरी पट असते, हे ध्यानात घ्या.

होल-सॉ: म्हणजे गोल करवत, वाटीसारखी. मोठ्या भोकाला आणि जाड पत्र्याला. स्टीलसाठी कार्बाइडचे दात असलेली घ्यावी. पातळ, वाकलेल्या पत्र्यात तिचे दात अडकतात, म्हणून मागून लाकडाचा ठोकळा लावावा लागतो.

पंच आणि डाय: हे मला माहीतच नव्हतं, भाच्यानं सांगितलं. आधी मधोमध दहा मिलीमीटरचं भोक पाडायचं. त्यातून बोल्ट घालायचा. पत्र्याच्या एका बाजूला धारेचा पंच, दुसऱ्या बाजूला वाटी. मग पान्यानं बोल्ट आवळत जायचं. पंच पत्र्यातून वाटीत शिरतो आणि रुपयासारखी गोल चकती कापून पडते. ठिणगी नाही, ताप नाही, आवाज नाही. रेडिओ वाल्व्हवर चालायचे तेव्हा त्यांच्या सांगाड्याला अशीच भोकं पाडत. आजही विजेची पॅनेलं बनवणाऱ्यांकडे हा संच असतो. म्हणजे आपल्याच एमआयडीसीत, आपल्यापासून चार किलोमीटरवर!

ग्राइंडर आणि वेल्डिंग: पिण्याच्या भांड्याला नको. का ते सांगतो. स्टील गंजत नाही कारण त्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. तो ओरखडला तर हवेनं पुन्हा तयार होतो. पण जाळून निळा-काळा केलेला भाग दुबळा होतो, आणि साध्या लोखंडाचे कण त्यात रुतले तर तेच आधी गंजतात. त्यात खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड या पापुद्र्याचं वैरी आहे, ते बारीक खड्डे पाडतं. ताई पिंप घासून धुते ते विहिरीच्या पाण्यानं. गोडं पाणी धुण्यात कोण घालवेल? म्हणजे जळकी कड आणि खारं पाणी, दोन्ही एकत्र. पुण्यात हे भोक कदाचित दहा वर्षं टिकलं असतं. खारपाणपट्ट्यात ते चार महिन्यांत गंजलं.

आता 'अर्ध्या इंची'ची गंमत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलीमीटर, हे सातवीतलं पोरगंही सांगेल. त्या हिशेबानं तेरा मिलीमीटरचं ड्रिल बरोबर. पण नळाचं हे माप जुन्या काळी पाइपाच्या आतल्या पोकळीवरून पडलेलं आहे. अर्ध्या इंची तोटीचे आटे बाहेरून जवळजवळ २१ मिलीमीटर भरतात. म्हणजे भोक २१-२२ चं हवं. तोटी हातात होती, फूटपट्टी लावली असती तर दहा सेकंदांत कळलं असतं. नावावर विश्वास ठेवला आणि मोजलं नाही. हा दोष फक्त नळ बसवणाऱ्यांचा आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

"गरिबानं कुठून आणावं?"

हे सगळं मी आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळींत बोललो. लगेच एक निवृत्त साहेब म्हणाले, "सर, तुमचं ठीक आहे. गरीब माणसानं ही हत्यारं आणावी कुठून? तो बिचारा खिळ्यानंच पाडणार."

हा युक्तिवाद ऐकायला दयाळू वाटतो, पण मला तो पटत नाही. गरिबाकडे पिंप एकच असतं. श्रीमंताचं बिघडलं तर तो दुसरं आणतो. म्हणजे नीट हत्याराची गरज जास्त कुणाला? आणि प्रत्येकानं विकत घ्यावं असं मी म्हणत नाही. एका गावाला एक पंच-डाय संच वर्षानुवर्षं पुरेल. लग्नाची भांडी गावात सामाईक असतात, मंडपाचं सामान असतं, भजनाचा पेटी-तबला असतो. हत्यारांची एक पेटी का नसावी?

दुसरे म्हणाले, "हत्यारापेक्षा हात महत्त्वाचा." खरं आहे. पण चांगल्या हाताचा माणूसच हत्याराबद्दल जास्त चोखंदळ असतो. गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. गावात शिरले की आधी झाडू हातात. त्यांना बोलता येत नव्हतं का? त्यांच्या कीर्तनाला हजारो लोक बसत. पण घाण काढायला झाडूच लागतो, हे ते जाणून होते.

आणि तिसरा, मला सगळ्यात लागलेला प्रश्न. एक जण हळूच म्हणाले, "सर, तो पोट्टा तुमचाच विद्यार्थी ना? मंग त्याले शिकवलं कोनं?"

कुलूपबंद कपाट

याचं उत्तर देणं भाग आहे, म्हणून तर लिहायला बसलो.

मी नोकरीला लागलो तेव्हा शाळेत कार्यानुभव हा विषय होता. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानं तो सुचवला. त्याच्याही आधी, १९३७ साली, आमच्या शेजारच्या वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली आणि हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना देशापुढे मांडली. वर्धा अमरावतीपासून किती लांब? सकाळी निघालं तर जेवायला पोचता येतं. पण ती कल्पना आमच्या शाळेपर्यंत पोचली ती एका हिरव्या लोखंडी कपाटाच्या रूपात.

त्या कपाटात करवत होती, कानशी होत्या, गिरमिट होतं, पकडी, पाने, हातड्रिल, सगळं होतं. आणि कपाटाला कुलूप होतं. हत्यारं हरवली तर भरपाई शिक्षकाच्या पगारातून, तपासणीच्या दिवशी मोजून दाखवावी लागत. म्हणून ती कधी बाहेर निघालीच नाहीत. कार्यानुभवाच्या तासाला आम्ही उरलेला अभ्यासक्रम उरकायचो, नाहीतर पोरं पुठ्ठ्याचं पाकीट करायची. भाषेचा शिक्षक मोकळा म्हणून तो विषय बरेच वर्षं माझ्याकडे होता. किल्लीही माझ्याकडेच होती.

वर्षाच्या शेवटी मी बसून श्रेण्या भरायचो. कुणालाच वाईट वाटायला नको म्हणून सगळ्यांना 'अ'.

पिंपाचं प्रकरण झाल्यावर मी त्या मुलाला घरी बोलावलं. रागावायचं ठरवलं होतं. तो आला, खाली मान घालून बसला. मी म्हटलं, "अरे, मोजायचं तरी. स्टीलला असं भोक पाडतात का?" तो म्हणाला, "सर, मले कोनी सांगतलंच नाही. मी पाहून पाहून शिकलो." आणि मग थोडा हसून, चेष्टेनंच, "कार्यानुभवात मले तुमी 'अ' देल्ला होता."

माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. पस्तीस वर्षं मी पोरांना व्याकरण, निबंध, कवितेचं रसग्रहण शिकवलं, त्याचा मला अभिमान आहे. पण त्याच वर्षांत किल्ली माझ्या खिशात होती आणि कपाट बंद होतं. "काय होते त्याले" हे मी तोंडानं कधी म्हटलं नसेल. तो 'अ' लिहिताना मी दुसरं काय म्हणत होतो?

आम्ही शिकलेल्या लोकांनी हाताच्या कामाला दोन प्रकारे हीन केलं. आधी ते शिकवलं नाही. आणि मग न शिकता जो करतो त्याच्याकडून स्वस्तात करवून घेतलं, वर बिघडलं की त्यालाच नावं ठेवली. पिंपाच्या कामाचे मी त्याला दोनशे रुपये दिले होते आणि तेही मला जास्त वाटले होते. दोनशे रुपयांत पायऱ्यांचं ड्रिल, तेल, वॉशर आणि अक्कल, सगळं हवं होतं मला!

पुढे काय केलं

भोक वेडंवाकडं होऊन चोवीसच्या वर गेलं होतं. भाच्यानं मार्ग सुचवला, तेच भोक आणखी मोठं पण गोल कापा आणि पाऊण इंची तोटी बसवा. तिचे आटे बाहेरून साडेसव्वीस मिलीमीटरच्या आसपास भरतात, म्हणजे भोक सत्तावीस-अठ्ठावीसचं. पॅनेल बनवणाऱ्या एका ओळखीच्यांकडून पंच-डाय दोन दिवसांसाठी मागून आणला. त्यांनी पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाले, "बोल्टले तेल लावजा."

मी आणि तो मुलगा, दोघं ताईकडे गेलो. पिंप कोरडं केलं. दबलेला पत्रा आतून लाकडी ठोकळा लावून सपाट केला. त्यानं वाटी आत धरली, बोल्ट मधोमध राहील असा हातानं सावरला आणि पाना फिरवला. सात-आठ वेढ्यांत टक् असा आवाज झाला. जळका, गंजका, वाकडा सगळा भाग एका कड्याच्या आकारात कापून वाटीत पडला. त्यानं गोल कानशीनं कड आतून-बाहेरून मोडली. मी लिंबू चोळून कड पुसली. दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचे वॉशर, आतून स्टीलचं नट. तोटी बुडापासून चार बोटं वर, म्हणजे गाळ खालीच राहतो.

सगळं मिळून पाऊण तास लागला. त्यातली वीस मिनिटं मापं घेण्यात गेली.

तो मुलगा बराच वेळ भोकाच्या कडेवरून बोट फिरवत होता. म्हणाला, "सर, हे हत्यार केवढ्याले येते?" मी सांगितलं. त्यानं किंमत मनात घोळवली. "घेतो," म्हणाला, "पन मंग माह्या कामाचे पैसे वाढतीन." मी म्हटलं, वाढव, आणि कुणी कुरकुर केली तर माझं नाव सांग.

ताई मात्र दारात उभी राहून पाहत होती. "एवढ्याशा भोकाले दोन मानसं अमरावतीहून आनली," म्हणाली. मग पेला तोटीखाली धरला, भरला, तोटी बंद केली आणि वाकून खाली पाहत राहिली. थेंब पडला नाही. पहिला पेला तिनं त्या मुलाला दिला.

आता तुम्हा मंडळींना माझं एकच सांगणं आहे. ज्यांची शाळेत ओळख आहे, कुणी संस्थेत आहे, कुणी शिक्षक आहे, त्यांनी एकदा जाऊन ते हिरवं कपाट आहे का पाहावं. असेल तर कुलूप उघडायला लावावं. दोन कानशी हरवतील, एखादं ड्रिल मोडेल. भरपाईचे पैसे मी देतो, माझी पेन्शन चालू आहे. आणि घरी कुणी काम करायला आलं की त्याला आधी दादाचे तीन प्रश्न विचारू द्या. हे काय आहे, यात काय भरणार, किती दिवस टिकवायचं. त्यात गेलेल्या वेळाचे पैसे कापू नका.

भाच्याची बिअर कशी झाली ते मी विचारलं नाही. भोक चांगलं झालं म्हणाला.